सुट्टी कुणाला, खाडा कुणाचा?

एका शहराच्या महापालिकेसाठी मतदान आहे म्हणून देशाचा शेअर बाजार बंद राहावा का, हा प्रश्न जानेवारी २०२६मध्ये अचानक चर्चेत आला. १५ जानेवारीला महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांसाठी मतदान होतं आणि राज्य सरकारने त्या सगळ्या शहरांत सार्वजनिक सुट्टी जाहीर केली होती. बीएसई आणि एनएसई यांनी आधी सांगितलं की त्या दिवशी फक्त सेटलमेंट होणार नाही, खरेदी-विक्री चालू राहील. मग ऐन वेळी त्यांनी व्यवहारही बंद ठेवायचं ठरवलं. झिरोधाचे नितीन कामत यांच्यासारख्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. जगाशी जोडलेला बाजार स्थानिक निवडणुकीसाठी बंद ठेवणं हे नियोजन कच्चं असल्याचं लक्षण आहे, असा त्यांचा सूर होता.

चर्चा तिथेच अडकली. त्याच दिवशी त्याच शहरात स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवणारी मुलं नेहमीपेक्षा जास्त राबत होती, कारण घरी बसलेल्यांना भूक लागते. मतदानाच्या सुट्टीवर आपल्याकडे जो वाद होतो, तो बहुतेक वेळा ज्यांची सुट्टी पक्की आहे त्यांच्यातच होतो. एक बाजू म्हणते, सुट्टी दिली की लोक मतदान करतात. दुसरी म्हणते, सुट्टी दिली की लोक लोणावळ्याला जातात. सुट्टी नेमकी पोचते कुणापर्यंत, हे दोन्ही बाजूंना विचारावंसं वाटत नाही.

मुळात ‘सुट्टी जाहीर झाली’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली सुट्टी परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ या कायद्याच्या कलम २५खालची. हा कायदा हुंडी, वचनचिठ्ठी आणि चेकचा. मतदाराशी त्याचा काही संबंध नाही. ज्या दिवशी हुंडीची मुदत भरते तो दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय ठरते, एवढ्यासाठी ‘सार्वजनिक सुट्टी’ कशाला म्हणायचं ते त्यात सांगितलं आहे. केंद्राकडून मिळालेल्या अधिकारात राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं आणि बँका बंद होतात. शेअर बाजाराची पंचाईत झाली ती यातूनच. एकोणिसाव्या शतकातल्या सावकारी व्यवहारासाठी केलेल्या तरतुदीवर आपण एकविसाव्या शतकातलं मतदान टांगून ठेवलं आहे.

दुसरी सुट्टी भरपगारी. ती कामगार विभागाच्या आदेशातून येते आणि कारखाने, दुकानं, हॉटेलं, आयटी कंपन्या, मॉल या सगळ्यांना उद्देशून असते. या आदेशाचा मसुदा वर्षानुवर्षं जवळपास तोच आहे आणि त्यात दोन महत्त्वाची वाक्यं असतात. मतदार कामासाठी मतदान क्षेत्राच्या बाहेर असला तरी त्याला सुट्टी द्यायची, हे पहिलं. धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामात पूर्ण दिवस देणं शक्य नसेल, तर पूर्वपरवानगी घेऊन दोन ते तीन तासांची सवलत द्यायची, हे दुसरं. माझ्या मते मतदाराच्या दृष्टीने खरी सुट्टी ही. बातम्यांत मात्र पहिलीच गाजते, कारण बँक बंद असल्याचं सगळ्यांना कळतं. गोदामातल्या हमालाला तीन तास सोडलं की नाही, ते कुणाला कळत नाही.

आता यातली खरी अडचण. लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानासाठी भरपगारी सुट्टी हा मतदाराचा कायदेशीर हक्क आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१मध्ये १९९६ साली कलम १३५ब घातलं गेलं. कुठल्याही धंद्यात, व्यापारात, उद्योगात किंवा आस्थापनेत काम करणाऱ्या मतदाराला त्या दिवशी सुट्टी द्यायची, पगार कापायचा नाही. आणि ज्याला एरवी सुट्टीच्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत, अशा रोजंदारीवरच्या माणसालाही त्या दिवसाची मजुरी द्यायची. हे न पाळणाऱ्या मालकाला दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत. आज चांगल्या गवंड्याचा एका दिवसाचा रोज त्याहून जास्त आहे. म्हणजे सुट्टी देण्यापेक्षा दंड भरणं मालकाला स्वस्त पडावं, अशी व्यवस्था. तरीही हक्क कायद्यात लिहिलेला आहे, हे काही कमी नाही.

पण हे कलम ज्या निवडणुकांसाठी आहे त्यांत ग्रामपंचायत नाही, पंचायत समिती नाही, जिल्हा परिषद नाही, नगरपरिषद नाही, महापालिका नाही. ७३ आणि ७४व्या घटनादुरुस्त्यांनी १९९३मध्ये या संस्थांना घटनेत जागा मिळाली, पाच वर्षांची मुदत बांधून मिळाली, प्रत्येक राज्यात स्वतंत्र निवडणूक आयोग आला. महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग १९९४चा. मतदाराच्या वेळेचा प्रश्न मात्र सरकारी आदेशांवर राहिला. निवडणूक लागली की आदेश निघतो, निवडणूक झाली की तो संपतो. आमदार निवडताना जो हक्क असतो, तो नगरसेवक निवडताना सरकारची मेहेरबानी होतो. नळाला पाणी कुठल्या वेळी येणार हे ठरवणारा प्रतिनिधी निवडायला मात्र मतदाराने सवलतीवर जायचं.

आदेश कागदावर चांगला असला तरी जमिनीवर तो कसा विरतो, ते पाहायला मुंबईची लोकल पुरेशी आहे. कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ या नगरपरिषदा. तिथले हजारो मतदार रोज सकाळी मुंबई-ठाण्याकडे निघतात. नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबर २०२५ला ठरलं तेव्हा सुट्टी नगरपरिषदांच्या हद्दीतच होती. मुंबईतली कचेरी नेहमीसारखी चालू. आदेशाप्रमाणे त्या मतदाराला सुट्टी मिळायला हवी. पण अंधेरीतल्या एखाद्या छोट्या कंपनीत ‘आमच्याकडे मतदान आहे’ म्हणून एकट्याने सुट्टी मागणं आणि अख्खं ऑफिस बंद असणं, यांत फार फरक आहे. त्यातून न्यायालयीन अपिलांमुळे दोन डझनांच्या आसपास नगरपरिषदांचं मतदान अगदी तोंडावर पुढे ढकललं गेलं आणि २० डिसेंबरला झालं. साहेबांकडे एकदा शब्द टाकलेल्या माणसाने अडीच आठवड्यांनी पुन्हा कोणत्या तोंडाने जायचं?

पिंपरी-चिंचवडची गंमत वेगळी. तिथल्या औद्योगिक पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, कारण महावितरण देखभालीसाठी वीज गुरुवारी बंद ठेवतं. १५ जानेवारी २०२६ हा गुरुवार होता. त्या कारखान्यांतल्या कामगाराच्या पदरात मतदानाची म्हणून वेगळी सुट्टी पडलीच नाही. हक्काची साप्ताहिक सुट्टीच मतदानाच्या खात्यात गेली. त्याला मतदान करता आलं, हे खरं. पण सरकारने सुट्टी दिली असं त्याला सांगून पाहा.

आठवडी बाजाराचं तर अगदी उलटं. मतदानाच्या दिवशी गावात बाजार भरणार असेल तर जिल्हाधिकारी १८६२च्या मार्केट अँड फेअर्स कायद्याखाली तो बंद ठेवायचा किंवा दुसऱ्या दिवशी भरवायचा आदेश काढतात. गर्दी, बंदोबस्त, मतदान केंद्राचा रस्ता या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण ज्या बाईने पहाटे मेथीच्या जुड्या बांधायच्या त्या बाजारावर आठवडा धरलेला असतो, तिच्यासाठी ही सुट्टी नसून खाडा आहे, आणि त्याची भरपाई कुठल्याच आदेशात नाही.

सगळ्यांत लांब राहतो ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, गाळप संपेपर्यंत परतत नाहीत. आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुष्कळदा नेमक्या त्याच दिवसांत येतात: १२ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींचं मतदान १५ जानेवारी २०२१ला झालं, त्यानंतरचा मोठा टप्पा १८ डिसेंबर २०२२ला. फडातल्या कोयत्याला भरपगारी सुट्टी कशी द्यायची? त्याला पगारच नाही. उचल घेतलेली, मजुरी टनावर, आणि एक दिवस चुकला की मुकादमाच्या वहीत खाडा. तरीही ही माणसं मतदानाला येतात, कारण गावातलं पॅनेल जीप-टेम्पो पाठवून त्यांना आणतं. लोकसभेच्या निवडणुकीत उमेदवाराने मतदारांना असं वाहून आणणं हा भ्रष्ट आचार ठरतो. इथे मात्र गावकारभाराचं गणितच त्यावर चालतं, आणि ज्याच्या जीपमधून आलो त्याला विसरून बटण दाबणं किती जणांना जमत असेल, याचा अंदाज बांधायला संशोधनाची गरज नाही.

मतदान केंद्रावरचे शिक्षक आणि पालिका कर्मचारी हेही या सुट्टीच्या बाहेरच. आदल्या दिवशी साहित्य घ्यायचं, शाळेच्या बाकावर रात्र काढायची, दिवसभर शाई लावायची, रात्री यंत्रं जमा करायची. त्यांच्याबद्दल इतकंच, कारण कर्तव्यावरच्या मतदाराची टपाली मतदानाची सोय हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मग सुट्टीने मतदान वाढतं का? आकडे या प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाहीत, पण एक गोष्ट स्पष्ट सांगतात. डिसेंबर २०२५मध्ये नगरपरिषदा-नगरपंचायतींना साधारण दोन-तृतीयांश मतदारांनी मतदान केलं. दीड महिन्याने, तशाच सुट्टीत, २९ महापालिकांना ५५ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि मुंबईत त्याहूनही थोडं कमी, ५३ टक्के. जानेवारी २०२१मधल्या ग्रामपंचायतींना ७९ टक्के झालं होतं. संस्था जितकी लहान आणि उमेदवार जितका ओळखीचा, तितकी रांग लांब. शिवाय छोट्या वस्तीच्या गावात दोनशे मतांवर वॉर्ड फिरतो आणि मत दिलं नाही तर संध्याकाळी पारावर विचारणा होते. शहरातल्या सोसायटीत शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, नगरसेवकाचं दूरच. मुंबईपुरतं पाहिलं तरी २०१२ साली ४५ टक्क्यांच्या आत राहिलेलं मतदान २०१७ साली ५५ टक्क्यांवर गेलं. त्या वेळी शिवसेना आणि भाजप एकमेकांसमोर उभे होते आणि प्रत्येक वॉर्डात कुस्ती होती. दहा टक्क्यांच्या या उडीचं श्रेय सुट्टीला द्यायला कुणी धजणार नाही.

म्हणून ‘सुट्टी दिली तरी लोक येत नाहीत, मग कशाला द्या’ हा युक्तिवाद मला पटत नाही. त्यात दोन वेगळ्या माणसांची सरमिसळ आहे. ज्याला यायचंच नाही, तो सुट्टीने येणार नाही. ज्याला यायचं आहे पण पाळी सकाळी सातची आहे, ठेकेदार सोडत नाही, लोकल दीड तासाची आहे, त्याचं मत वेळेवर अडतं. सरासरीच्या टक्केवारीत हा माणूस दिसत नाही. तरतूद करायची ती त्याच्यासाठी.

वाराचा घोळ त्यानंतरचा. मुंबईत २०१९ची लोकसभा, २०१९ची विधानसभा आणि २०२४ची लोकसभा अशी तिन्ही मतदानं सोमवारी झाली आणि शनिवार-रविवारला जोडून निघून जाणाऱ्यांच्या नावाने तिन्ही वेळा बोटं मोडली गेली. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेला तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी बुधवार मुद्दाम निवडल्याचं सांगितलं होतं. महापालिकांना मिळाला गुरुवार, म्हणजे शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मोकळे. वर तो दिवस संक्रांतीचा दुसरा, किंक्रांत. शुभ कामं टाळायच्या दिवशी मतदान ठेवण्याचं धाडस आयोगाने केलं, याची दखल कुणी घेतली नाही, हे एका अर्थी बरंच.

रविवार हा दुसरा पर्याय, आणि आपल्याकडे तो नवा नाही. १८ डिसेंबर २०२२ आणि ५ नोव्हेंबर २०२३, ग्रामपंचायतींची ही दोन्ही मोठी मतदानं रविवारीच झाली. गोव्यात जिल्हा पंचायतींसाठी शनिवार वापरला जातो; १२ डिसेंबर २०२० आणि २० डिसेंबर २०२५ हे दोन्ही शनिवारच. ग्रामपंचायतींना मात्र तिथे १० ऑगस्ट २०२२चा बुधवार होता, भर पावसाळ्यात, आणि १८६ पंचायतींत ७८ टक्क्यांच्या वर मतदान झालं. रविवारने बँकांचा आणि बाजाराचा प्रश्न सुटतो. पण हॉटेलं, मॉल, दवाखाने, सुरक्षारक्षक, डिलिव्हरी ही सगळी रविवारीच जास्त राबणारी माणसं. त्यांच्या मालकांना मग ‘आज सुट्टीच तर आहे’ असं म्हणायला मोकळं रान. वसईत आणि गोव्यात रविवार सकाळच्या मिस्साचाही विचार करावा लागतो. म्हणजे रविवार हा कचेरीतल्या मतदाराचा उपाय आहे, पाळीतल्या मतदाराचा नाही.

या सगळ्यात ज्या गोष्टीवर सर्वांत कमी बोललं जातं ती म्हणजे घड्याळ. विधानसभेचं मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा, अकरा तास. महापालिकांचं साडेसात ते साडेपाच, दहा तास. म्हणजे जिथे प्रतिसाद कमी, तिथेच वेळही कमी. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. एकेका मतदाराला साधारण चार मतं द्यायची असतात, त्यामुळे रांग हळू सरकते. साडेपाचला केंद्राचं दार बंद होतं तेव्हा विरारची लोकल चर्चगेटहून निघायची असते. ब्रिटनमध्ये स्थानिक निवडणुका गुरुवारी होतात, सुट्टी नसते, पण केंद्रं सकाळी सात ते रात्री दहा उघडी असतात. आपल्याकडे रात्री आठपर्यंत मतदान ठेवायला बंदोबस्त, वीज, कर्मचाऱ्यांच्या दोन पाळ्या लागतील, खर्च वाढेल. शहरांपुरतं तरी ते करून पाहायला हरकत नाही, कारण मतमोजणी तशीही दुसऱ्या दिवशी असते.

अर्थात लांब वेळ हाही रामबाण नाही. ब्रिटनमध्ये स्थानिक मतदान बहुधा एक-तृतीयांशाच्या आसपास घुटमळतं. दक्षिण आफ्रिकेने १ नोव्हेंबर २०२१ला स्थानिक निवडणुकांसाठी देशभर सुट्टी दिली, दिवस सोमवार, आणि मतदान ४६ टक्के, आधीच्या खेपेपेक्षा बारा टक्क्यांनी कमी. दक्षिण कोरियाचं उदाहरण मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. तिथे स्थानिक निवडणुकीचा दिवस कायद्यानेच बुधवार आहे आणि सुट्टीचा आहे. शिवाय आधीच्या आठवड्यात दोन दिवस कुठल्याही केंद्रावर आगाऊ मतदान करता येतं. आणि मतदानाच्या दिवशी कामावर असलेल्याने वेळ मागितला तर मालकाने तो द्यायलाच हवा, नाहीतर एक कोटी वॉनपर्यंत दंड. आपल्या रुपयांत ही रक्कम काही लाखांत जाते. तरी तिथेही २०२२च्या स्थानिक निवडणुकीत ५१ टक्केच लोक आले. पण न आलेल्यांपैकी कुणाला ‘मालकाने सोडलं नाही’ असं म्हणायला फारशी जागा राहिली नाही. कायद्याने एवढंच साधायचं असतं. गुजरातने स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचं करून पाहिलं. २०१५मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. ती वाट आपली नव्हे.

उद्योगांची तक्रार अगदीच निराधार नाही. आपल्याकडे सुट्ट्या फार आहेत, असं खुद्द मुंबई उच्च न्यायालयाने २०२२मध्ये दादरा-नगर हवेलीतल्या २ ऑगस्टच्या सुट्टीचं प्रकरण निकालात काढताना म्हटलं होतं, आणि सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, हेही. पण मुंबईच्या बाबतीत ही तक्रार ऐकताना थोडं हसू येतं. महापालिकेसाठी त्याआधीचं मतदान २१ फेब्रुवारी २०१७ला झालं होतं. मुदत मार्च २०२२मध्ये संपली. मग प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, न्यायालयीन तारखा यांत जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ची शेवटची मुदत घातली, तेव्हा कुठे मतदान लागलं. जवळपास नऊ वर्षांत एकदा आलेल्या या दिवसाचं ओझं अर्थव्यवस्थेला झेपत नाही म्हणणं जरा जास्तच झालं.

तरी शेअर बाजार बंद ठेवायची गरज नव्हती, हे मी मान्य करीन. हुंडीच्या कायद्याखालची सरसकट सुट्टी बाजूला ठेवून राज्याने महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींच्या कायद्यांत कलम १३५बसारखी तरतूद घातली, तर बँका आणि बाजार सुरू ठेवूनही प्रत्येक कामगाराला निदान चार तास भरपगारी मिळू शकतात. त्यात ठेकेदाराबरोबर मूळ मालकही जबाबदार हवा, कारण सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक कुणाचे, हा प्रश्न विचारला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. दंड एका दिवसाच्या मजुरीच्या पटीत हवा. अ‍ॅपवर काम करणाऱ्यांना नोकर मानलं जात नाही. त्यांच्यासाठी त्या दिवशी काही तास लॉगआउट राहिल्याने रेटिंग किंवा इन्सेंटिव्ह कापायचा नाही, इतकं जरी लिहिलं तरी पुरे. आणि ग्रामपंचायतींचं मतदान गाळपाच्या हंगामातून बाहेर काढायला तर कायदाही बदलायला नको. ज्या तालुक्यांतून टोळ्या जातात, तिथल्या मुदती कधी संपतात हे आयोगाला आधीपासून माहीत असतं. घटनेप्रमाणे निवडणूक मुदत संपण्याआधी व्हायलाच हवी, त्यामुळे मुदत हिवाळ्यात संपत असली तर मतदान दसऱ्याच्या आत उरकायचं, एवढंच करायचं आहे.